पोरांच्या कानातला ‘तडीपार’

वणी आणि आसपासच्या गावांत आपल्या बचत गटांच्या बैठका होतात. हप्ते जमा झाले, कर्जाचा हिशेब झाला, की एक विषय हमखास निघतो. पोट्टे दिवसभर कानात इअरफोन घालून काय ऐकतात? मध्येच एखादा शब्द आपल्या कानावर पडतो आणि आपण दचकतो. आज त्याच गाण्यांविषयी थोडं बोलू.

या गाण्याला रॅप म्हणतात. सूर लावून गायचं नाही, ठेक्यावर यमक जुळवत बोलायचं. याची सुरुवात अमेरिकेत न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत झाली, असं मानतात. ११ ऑगस्ट १९७३ ला सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं इमारतीच्या हॉलमध्ये नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिनं तिकीट लावलं. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ होता. पुढे भावाचं नाव जगभर झालं. पण जागा ठरवणारी, तिकीट लावणारी, पैसे मोजणारी बहीण होती. आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्या महाराष्ट्रातला एक पोरगा घेऊ. पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला अल्ताफ शेख. त्याला सगळे एमसी स्टॅन म्हणतात. २०२० मध्ये, कोरोनाच्या वर्षात, त्याचा पहिला अल्बम आला. नाव ‘तडीपार’. तेव्हा तो विशी-एकविशीतला. हा शब्द आपल्याला नवा नाही. गावात अवैध दारू विकणाऱ्याला तडीपार करा, अशी मागणी आपल्या बायाच करतात. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर काढता येतं. ज्या शब्दाची लोक लाज बाळगतात, तोच या पोरानं आपल्या पहिल्या अल्बमच्या कपाळावर लावला.

पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये तो टीव्हीवरच्या ‘बिग बॉस’मध्ये पहिला आला. दुसरा आला आपल्या अमरावतीचा शिव ठाकरे. आपल्याकडच्या कित्येक घरांत तेव्हा शिवसाठी जीव टांगणीला लागला होता. त्या दिवसापासून स्टॅनचं नाव खेड्यापाड्यांत पोचलं आणि पोरांनी त्याची जुनी गाणीही शोधून ऐकली.

या गाण्यांबद्दल लोकांचे दोन तट पडले. कौतुक करणारे म्हणाले, पोरगा आपल्या वस्तीच्या बोलीत बोलतो, स्वतःचं संगीत स्वतः करतो, गरिबी लपवत नाही. टीका करणारे म्हणाले, शिव्या फार, भांडणाची आणि पैशाची फुशारकी फार, आणि बाईबद्दलची भाषा हलकी. मार्च २०२३ मध्ये इंदूरला काही लोकांनी मंचावर चढून त्याचा कार्यक्रमच बंद पाडला.

आम्हाला वाटतं, कौतुक खरं आहे आणि टीकाही खरी आहे. आपल्या बोलीत मन मोकळं करणं वाईट नाही. आपल्या आज्या जात्यावर दुसरं काय करत होत्या? सासरचा जाच, माहेरची ओढ, सगळं ओवीत येई. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या ठेक्यावर गाव जागं केलं. ठेका आणि शब्द यांची ताकद आपल्या विदर्भाला कोणी शिकवायची गरज नाही.

पण शिवीचं काय? जरा नीट ऐका. भांडण दोन पुरुषांचं असतं आणि नाव निघतं मायबहिणीचं. शिवी कोणालाही द्या, ती येऊन पडते बाईवर. हाच स्टॅन, आई ‘बिग बॉस’च्या घरात भेटायला आली तेव्हा किती हळवा झाला, ते सगळ्यांनी पाहिलं. मग दुसऱ्याची माय स्वस्त कशी? हा प्रश्न एकट्या स्टॅनचा नाही. आपल्या चौकातल्या, शेतातल्या, घरातल्या पुरुषांनाही तो विचारायचा आहे. पोट्टे शिव्या मोबाईलमधून शिकले असं आपण म्हणतो, पण मोबाईल येण्याआधी गावात शिव्या नव्हत्या का?

म्हणून मोबाईल हिसकावून काही होणार नाही. इंदूरचा कार्यक्रम बंद पडला, गाणी मात्र मोबाईलमध्ये तशीच राहिली. आम्ही गटांना एक सुचवतो. पोराला म्हणा, इअरफोन काढ आणि तुझ्या आवडीचं एक गाणं आम्हाला ऐकव. ऐकताना तोंड वाकडं करू नका. मग विचारा, यात तुला काय आवडतं? यातला कोणता शब्द तू आईसमोर म्हणणार नाहीस? का नाही? उत्तर त्यालाच शोधू द्या. तो गप्प बसला तरी चालेल. प्रश्न त्याच्या डोक्यात राहील.

आणि पुढे म्हणा, आता आपल्या वणीवर लिही. कोळशाची धूळ, ट्रकांनी उखडलेला रस्ता, कापसाचा भाव, वेचणीला जाणाऱ्या बायांची मजुरी. विषयांची कमी नाही.

पोरींनाही सांगा. मुंबईची दीपा उन्नीकृष्णन ‘डी एमसी’ नावानं रॅप करते. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे ‘माही जी’ नावानं आदिवासींचे प्रश्न मराठीत मांडते. ठेका पुरुषांच्या मालकीचा नाही.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर दहा मिनिटं यासाठी ठेवा. एखाद्या पोरीनं किंवा पोट्ट्यानं चार ओळी लिहिल्या, तर त्या आपल्या रेडिओवर म्हणायला घेऊन या. आम्ही वाट पाहतो.