टँकर भरताना उडून जाणारा प्राणवायू
(वार्षिक सभेतील भाषण)



खर्चाच्या पत्रकात ‘द्रवरूप प्राणवायू’ अशी एक ओळ आहे. त्या ओळीविषयी आज आम्ही आपणांसमोर थोडे निवेदन करू इच्छितो.

प्राणवायू उणे 183 अंश सेल्सिअसला द्रवरूप होतो. एक लिटर द्रवापासून सुमारे 860 लिटर वायू मिळतो. म्हणूनच तो टँकरने आणणे परवडते. आपला भाग मात्र लांबचा. पुण्याजवळील चाकणहून निघालेल्या टँकरला लातूर तीनशे किलोमीटरहून अधिक आणि नांदेड त्याहूनही पुढे पडते. परंतु चांगल्या टँकरमध्ये प्रवासात फारसे नुकसान होत नाही. ते होते भरताना आणि उतरवताना.

रिकामा टँकर उभा राहून तापला, की त्यात प्रथम सोडलेला द्रव टाकी गार करण्यातच उकळून जातो आणि वाढलेला दाब उतरविण्यासाठी तो वायू हवेत सोडावा लागतो. यावरचे उपाय साधे आहेत. टँकर अगदी कोरडा करू नये, तळाशी थोडा द्रव राखावा. द्रव वरून फवारून भरल्यास आतील वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि दाब खाली येतो. जोडनळी आखूड असावी. सोय असेल तेथे वाफ दुसऱ्या नळीने प्रकल्पाच्या टाकीत परत घ्यावी.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. म्हणून हिशेब किलोत मांडतो. दहा किलो प्राणवायू म्हणजे सुमारे सात घनमीटर. मिनिटाला पाच लिटर लागणाऱ्या रुग्णाला दिवसभरात जवळजवळ तेवढाच लागतो. दहा किलो वाचले, तर एका रुग्णाचा एक दिवस वाचला.

एप्रिल 2021 मध्ये विशाखापट्टणमहून टँकर रेल्वेवर चढवून महाराष्ट्रात आणावे लागले. त्याच महिन्याच्या 21 तारखेस नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीच्या गळतीमुळे पुरवठा खंडित होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या दिवसांनी या हिशेबाचा अर्थ सर्वांना शिकविला.

विश्वस्त मंडळास आमची विनंती अशी : पुरवठ्याच्या करारात टँकरचे उतरविण्यापूर्वीचे व नंतरचे वजन बंधनकारक करावे. वजनातील फरकातून आपल्या टाकीत वाढलेला साठा आणि त्या वेळात रुग्णांनी वापरलेला वायू वजा केला, की उरते ते नुकसान. ते प्रत्येक खेपेस नोंदले जावे.

आप्तजनांस एवढेच सांगणे, की टँकर रिता होताना दिसणारे पांढरे धुके म्हणजे गारठलेली हवेतील वाफ. प्राणवायू डोळ्यांस दिसत नाही. तो कपड्यांत मुरला, तर एक ठिणगीही पुरे. कृपया त्या वेळी जवळ थांबू नये, विडी-काडी पेटवू नये.

देणगीदारांनी दिलेला प्रत्येक किलो रुग्णाच्या श्वासापर्यंत पोहोचावा, हीच आमची जबाबदारी आहे.