दूर्वा, विळा आणि विजेचे यंत्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेला तंजावरचे मराठे किंवा सरफोजीराजांचा ग्रंथसंग्रह असे भारदस्त विषय शोभतात. आम्ही मात्र गवत कापण्याच्या एका यंत्राविषयी बोलणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. तथापि यंत्र घरी आणले म्हणजे त्याच्याबरोबर पाणी, वीज, हवा आणि माणसाचे पोट हे चारही प्रश्न दारात येऊन उभे राहतात, असा आमचा अनुभव आहे.

शहराच्या दक्षिणेस, पूर्व किनारा मार्गालगतच्या एका वसाहतीत आम्ही राहतो. बहुतेक कुटुंबे तमिळ, काही तेलुगू, काही आपली मराठी. मध्यभागी सुमारे दोन एकरांची हिरवळ आहे. तिच्यासाठी आम्ही सर्वांनी मिळून बॅटरीवर चालणारे, बसून चालवायचे आणि जागच्या जागी वळणारे यंत्र विकत घेतले. इंग्रजीत त्याला ‘झीरो टर्न मोअर’ म्हणतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांच्या घरामागे असे यंत्र सर्रास दिसते. आपल्याकडे ते अजून विरळा आहे.

हिरवळ कापण्याच्या यंत्राचा जन्म मोठा गमतीदार आहे. इंग्लंडमधील स्ट्राउडजवळ एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. लोकरी कापडावरचे तंतू सारखे छाटणारे गिरणीतील यंत्र पाहून त्याला कल्पना सुचली, की हेच गवतावर फिरवले तर? १८३० साली त्याने या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे मोठी यंत्रे घोडे ओढू लागले आणि टापांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट चढवण्यात येत. बडिंगच्या पेटंटनंतर पाचच वर्षांनी, १८३५ साली, आपल्या मद्रासेत कृषी व उद्यान संस्था स्थापन झाली. सुशोभित हिरवळीची आवड या शहराला इतकी जुनी आहे.

मराठी माणसाला या इतिहासात परके वाटण्याचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे जी पहिली यंत्रे बनवली, त्यांत कडबा कापण्याचे यंत्र होते. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शंका शेतकऱ्यांनी घेतली होती. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर घरोघर पोहोचला. नव्या यंत्राविषयीची शंका ही अडाणीपणाची खूण नसते. तिचे उत्तर देणे हे यंत्र आणणाऱ्याचे कर्तव्य असते.

आता यंत्राची रचना पाहू. मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटारी असतात. पुढची चाके मोकळी, कोणत्याही दिशेला फिरणारी. सुकाणू नाही; त्याऐवजी हातांत दोन दांडे. दोन्ही पुढे ढकलले की यंत्र सरळ जाते. एक पुढे व एक मागे केला की ते भिंगरीसारखे स्वतःभोवती फिरते. ज्यांनी लहानपणी औत पाहिले आहे, त्यांना हे चटकन कळेल. तास संपले की औतकरी आतला बैल थोपवतो, बाहेरचा चालवतो आणि औत वळवून घेतो. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मिसूरी व कॅन्सस राज्यांत ही युक्ती गवताच्या यंत्राला जोडली गेली. झाडांच्या बुंध्यांभोवती, वाफ्यांच्या कडेने यंत्र सफाईने फिरते, ते या युक्तीमुळे. मात्र उतारावर हीच युक्ती अंगाशी येते. ओल्या उतारावर मागची चाके घसरली की पुढची चाके दिशा धरून ठेवू शकत नाहीत. १५ अंशांहून अधिक उतारावर, किंवा तळ्याच्या व बंधाऱ्याच्या काठाशी ते नेऊ नये. आमचे मैदान सपाट आहे; नसते, तर हे यंत्र घेण्याचा विचारही आम्ही केला नसता.

बॅटरीची कथा निराळी. विजेवर चालणारे बागेचे ट्रॅक्टर १९६९ पासून अमेरिकेत मिळत होते, पण त्यांतील शिशाच्या बॅटऱ्या फार जड. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि चित्र पालटले. तिच्या तिघा जनकांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेट्रोलचा धूर नाही, तेल बदलणे नाही, कानठळ्या नाहीत. सकाळी सहा वाजता यंत्र चालू असताना शेजारच्या आजोबांचे विष्णुसहस्रनाम खंडित होत नाही, हा लाभ आमच्या वसाहतीत सर्वांत मोठा मानला जातो.

परंतु चेन्नईचे हवामान बॅटरीला मानवणारे नव्हे. उष्णतेने तिचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि आपल्या मे महिन्याविषयी काय सांगावे! म्हणून यंत्र पत्र्याच्या शेडखाली न ठेवता झाडाच्या सावलीतील हवेशीर खोलीत ठेवावे. काम संपताच चार्ज न करता ते निवू द्यावे आणि रात्री जोडावे. समुद्राच्या खाऱ्या हवेने जोडांना गंज चढतो, तो वेळोवेळी पुसावा. पात्याला हात लावण्यापूर्वी किल्ली काढून वीज तोडावी. शिवाय खोलीचा चौथरा उंच असावा. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चे मिचाँग वादळ ज्यांनी अनुभवले, त्यांना याचे कारण सांगायला नको.

धूर नाही असे आम्ही म्हटले खरे. पण तो आमच्या अंगणात नाही, इतकेच. तमिळनाडूच्या विजेत वारा आणि ऊन यांचा वाटा मोठा असला, तरी कोळसाही जळतोच, आणि एन्नोरच्या परिसरातील लोक त्याची राख श्वासातून घेतात. रात्री यंत्र जोडताना हे स्मरण ठेवणे आम्हाला योग्य वाटते.

आता गवताकडे वळू. आमच्या हिरवळीतले मुख्य गवत म्हणजे आपली दूर्वा. उष्ण देशांतील कित्येक क्रीडांगणांवर हेच गवत असते. तमिळमध्ये तिला अरुगम्पुल् म्हणतात. आपण गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी वाहतो. येथे पिळ्ळैयाराला अरुगम्पुल्‌ची माळ घालतात. दोन भाषांच्या दोन घरांतील देवाला आवडणारे गवत एकच, हे या मातीत रुजलेल्या मराठी कुटुंबांनी आपल्या मुलांना अवश्य दाखवावे. दूर्वा जमिनीलगत पसरते, कांड्याकांड्याला मूळ धरते; म्हणून कापल्याने ती मरत नाही, दाट होते. मात्र एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक कापू नये, आणि कातरण तिथेच पडू द्यावे. त्यातील नत्र जमिनीला परत मिळते. चतुर्थीच्या आधी आठवडाभर मैदानाचा एक कोपरा आम्ही न कापता राखतो. त्या दिवशी पहाटे तेथे मराठी आणि तमिळ गृहिणी शेजारी शेजारी बसून दूर्वा निवडतात.

पाण्याचा प्रश्न अधिक कठोर आहे. येथे वर्षाला सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्याचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत. जून २०१९ मध्ये पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या शहराने घागरींच्या रांगा पाहिल्या, तेथे हिरवळीला पिण्याचे पाणी घालणे हा अपराध होय. आमच्या मैदानाला केवळ शुद्ध केलेले सांडपाणी मिळते आणि तेही पुरले नाही, तर उन्हाळ्यात गवत पिवळे पडू देतो. पहिल्या सरीने दूर्वा पुन्हा उठते.

शेवटचा प्रश्न माणसांचा. यंत्रापूर्वी हे मैदान एक वृद्ध माळी, त्यांचा मदतनीस आणि विळे घेऊन ओळीने बसणाऱ्या चार स्त्रिया राखीत असत. यंत्राची चर्चा सुरू झाली, तेव्हा त्या स्त्रियांपैकी एकीने विचारले, ‘म्हणजे आता आम्ही येऊ नये का?’ सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. नंतर जो ठराव झाला, त्यात खरेदीच्या आधीचे कलम असे घातले : कोणाचाही एकही दिवस कमी होणार नाही. दांड्यांवर माळ्यांचे हात बसायला आठवडा लागला. आज त्यांच्याइतके नेटके यंत्र कोणी चालवीत नाही, आणि त्यांची गुडघेदुखीही कमी आहे. त्या चौघी आता रोपवाटिका व भाजीचे वाफे सांभाळतात.

एवढ्याने आपण निर्दोष ठरलो, असे समजून चालणार नाही. आज कोणाचे काम गेले नाही. पण उद्या त्या चौघी थकल्यावर त्यांच्या जागी नवीन चार येणार नाहीत. यंत्र हजर असलेल्या मजुराला हाकलत नाही, त्याच्या मागून येणाऱ्याची जागा मात्र मुकाट्याने पुसून टाकते. गांधीजींचा विरोध यंत्राच्या वेडाला होता, शिवणयंत्राला त्यांनी अपवाद मानले होते. कष्ट वाचवणारे यंत्र आणि माणूस वाचवणारे यंत्र यांतील भेद प्रत्येक खरेदीच्या वेळी नव्याने तपासावा लागतो. म्हणून त्या चौघींच्या मुलींपैकी ज्या इच्छितील, त्यांना यंत्रदुरुस्तीचे शिक्षण देण्याचा खर्च वसाहतीने उचलला आहे. दोघी शिकत आहेत.

आपल्या मंडळाने आजवर परगावी आलेल्या माणसाला आधी आसरा दिला आणि मग त्याच्याकडून वर्गणी मागितली. यंत्रे घेतानाही हाच क्रम राहावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.