झाकली मूठ उघडणारी निवडणूक

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणेशोत्सवात व्याख्यान ठेवायचे, ते शांतपणे ऐकायचे आणि घरी जाताना वाटेत त्यावर कडाडून वाद घालायचा, ही आपली जुनी रीत. म्हणून आज मी वादाचाच विषय घेतला आहे. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरण्याआधी एकाच पक्षाचे मतदार आपल्याच माणसांच्या गुणदोषांची चर्चा कशी करतात, आणि ती चर्चा टाळली तर काय होते, याबद्दल मी बोलणार आहे.

बेळगावात बसून अमेरिकेची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुले तिकडे स्थायिक झाली आहेत, काही तिथली नागरिक झाली आहेत. दर चार वर्षांनी फोनवर 'प्रायमरी' हा शब्द आपल्या कानावर पडतोच. दुसरे म्हणजे, आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार आज अमेरिकेच्या संसदेत आहेत. २०१८ मध्ये मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी ते उभे राहिले आणि आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातल्या जागेसाठी पुन्हा उभे राहिले. तेव्हा प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि सुमारे २८ टक्के मते घेऊन ते पुढे गेले. त्या भागात डेमोक्रॅटिक पक्षाचा इतका जोर आहे की नोव्हेंबरातली मुख्य निवडणूक जवळजवळ उपचारापुरती उरली. खरी झुंज घरातच झाली होती.

आपल्याकडे हे काम कसे होते ते सांगायला नकोच. 'तिकीट कोणाला?' हा प्रश्न आपण चहाच्या टपरीवर चघळतो, पण त्याचे उत्तर दिल्लीहून किंवा बंगळूरहून येते. श्रेष्ठींनी यादी जाहीर केली की मतदाराच्या हाती उरते ते फक्त 'हा की तो'. 'हाच का?' हे विचारण्याची जागा त्याला कोणी देत नाही.

अमेरिकेतही पूर्वी बरेचसे असेच होते. काही राज्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रायमरी होत होत्या, पण अध्यक्षपदाच्या उमेदवारीचा निर्णय पक्षातले वजनदार लोकच करत. १९६८ साली हे फार टोकाला गेले. व्हिएतनाम युद्धावरून देश पेटलेला होता. डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारी दिली उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना, आणि त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. शिकागोत पक्षाचे अधिवेशन आत चालू होते आणि बाहेर रस्त्यावर पोलीस निदर्शकांना झोडपत होते. नोव्हेंबरात हम्फ्री हरले. त्यानंतर पक्षाने नियम बदलले, आणि १९७२ पासून उमेदवार निवडण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने सामान्य मतदारांकडे आला. रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने गेला.

आता प्रत्यक्ष चर्चा कशी चालते ते पाहू. बहुतेक राज्यांत प्रायमरी म्हणजे आपल्यासारखे गुप्त मतदान. पण आयोवा या शेतीप्रधान राज्यात 'कॉकस' नावाची पद्धत होती. गुरुवार, ३ जानेवारी २००८ ची रात्र घ्या. कडाक्याची थंडी. राज्यभर सतराशेहून अधिक ठिकाणी, शाळांच्या जिमखान्यात, चर्चच्या तळघरात, वाचनालयात, त्या त्या वस्तीतले लोक जमले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभेत चिठ्ठी नव्हती. ज्याला जो उमेदवार हवा, त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. शेजारी, दुकानदार, मुलांचे मास्तर, सगळ्यांना दिसणार तुम्ही कुठे उभे आहात ते.

समजा, खोलीत शंभर माणसे आहेत. नियम असा की बहुतेक ठिकाणी निदान १५ टक्के लोक पाठीशी असतील तरच तो गट टिकणार. तुमच्या उमेदवारामागे नऊच माणसे उभी राहिली, तर तुमचा गट बाद. मग तुम्ही घरी जायचे, किंवा दुसऱ्या गटात. त्या क्षणी बाकीच्या कोपऱ्यांतून लोक तुमच्याकडे येतात आणि आपल्या माणसाची बाजू मांडू लागतात. इथे घोषणा चालत नाहीत. तुमच्या मनातली शंका ओळखून तिला उत्तर द्यावे लागते. आणि ज्याला शेजारी वळवायचा आहे, तो शेजाऱ्याच्या आवडत्या माणसाला शिव्या देऊ शकत नाही.

त्या वर्षी मुख्य उमेदवार तीन. हिलरी क्लिंटन, बराक ओबामा आणि जॉन एडवर्ड्स. तिघांची धोरणे बरीच जवळजवळ. आरोग्य विम्याची योजना तिघांकडेही होती. फरक इतकाच की क्लिंटन आणि एडवर्ड्स विमा सर्वांना सक्तीचा करणार होते, ओबामा प्रौढांना सक्ती करणार नव्हते. मग वाद कशावर? माणसावर. क्लिंटनबाईंची बाजू अनुभवाची. आठ वर्षे व्हाइट हाउसमध्ये काढलेली, २००१ पासून सिनेटर, बारकाव्यांसह विषय पाठ. उणीव ही की २००२ मध्ये इराक युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाच्या बाजूने त्यांनी मत दिले होते. एडवर्ड्स यांनीही तसेच मत दिले होते, पण पुढे ते चुकले असे सांगून मोकळे झाले होते, आणि गरिबांच्या प्रश्नावर ते सर्वांत तळमळीने बोलत. ओबामांनी युद्धाला २००२ मध्येच जाहीर विरोध केला होता. पण तेव्हा ते राज्याच्या विधिमंडळात होते, दिल्लीच्या भाषेत सांगायचे तर त्यांना 'व्हिप' नव्हता. सिनेटमध्ये येऊन त्यांना जेमतेम तीन वर्षे झाली होती. भाषण उत्तम, पण राज्य चालवता येईल का? अनुभव मोठा की योग्य वेळी योग्य निर्णय घेण्याची बुद्धी मोठी, हा वाद आयोवातल्या स्वयंपाकघरांत महिनोन्महिने चालला होता.

निकाल असा लागला: ओबामा सुमारे ३८ टक्के, एडवर्ड्स आणि क्लिंटन दोघेही सुमारे ३० टक्के. त्या रात्री सुमारे २ लाख ४० हजार लोक आले, चार वर्षांपूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. याच रिंगणात जो बायडेन नावाचे एक ज्येष्ठ सिनेटरही होते. त्यांना एक टक्कासुद्धा मिळाला नाही, आणि त्याच रात्री त्यांनी माघार घेतली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्या चर्चांत एक प्रश्न हटकून येतो: 'माणूस चांगला आहे हो, पण निवडून येईल का?' हा प्रश्न शहाणपणाचा वाटतो, आणि थोडा आहेही. पण त्यात मतदार स्वतःचे मत बाजूला ठेवून दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधत बसतो. दुसराही तेच करत असतो. २००७ मध्ये अनेक कृष्णवर्णीय मतदार क्लिंटन यांच्या बाजूला होते. ओबामा आवडत नव्हते असे नाही. गोरे लोक कृष्णवर्णीय माणसाला मत देतील यावर भरवसा नव्हता. आयोवात दहापैकी नऊहून अधिक लोक गोरे. त्यांनीच ओबामांना पहिले केले, आणि तो अंदाज गळून पडला. २६ जानेवारीला दक्षिण कॅरोलिनात ओबामांना ५५ टक्के मते मिळाली, क्लिंटन यांना त्याच्या निम्मी.

२०२० मध्ये याच प्रश्नाने उलटे काम केले. बायडेन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. पण 'ट्रम्प यांना हरवू शकेल असा कोण?' या एकाच विचाराने दक्षिण कॅरोलिनाच्या मतदारांनी २९ फेब्रुवारीला त्यांना भरघोस मते दिली, दोन प्रतिस्पर्ध्यांनी लगेच माघार घेतली, आणि तीनच दिवसांनी एकदम चौदा राज्यांत मतदान झाले, त्यांपैकी दहा त्यांनी जिंकली. त्या वेळी अंदाज बरोबरही ठरला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्या माणसाचे उणे चारचौघांत काढू नये, विरोधकाच्या हाती कोलीत कशाला द्या, असे पक्षातले जाणते लोक सगळीकडे सांगतात. २००८ मध्ये अमेरिकेतही हे ऐकू येत होते. क्लिंटन आणि ओबामा यांचा झगडा जूनपर्यंत चालला. रात्री तीन वाजता व्हाइट हाउसचा फोन वाजला तर तो उचलायला कोण हवे, अशी जाहिरात क्लिंटन यांच्या बाजूने आली. रोख ओबामांच्या अननुभवावर होता. ओबामांच्या चर्चमधल्या धर्मगुरूंची भडक भाषणे मार्चमध्ये बाहेर आली आणि ओबामांना वंशभेदाच्या प्रश्नावर फिलाडेल्फियात सविस्तर बोलावे लागले. पक्षाचे हितचिंतक कपाळाला हात लावून बसले होते.

पण झाले काय? नोव्हेंबर येईपर्यंत यातली बरीचशी शस्त्रे बोथट झाली होती. लोकांनी ती पाहिली होती, उत्तरे ऐकली होती. परराष्ट्र धोरणातला अनुभव ही आपली उणी बाजू आहे, हे ओबामांना घरच्याच वादाने दाखवून दिले होते. त्यांनी उपाध्यक्षपदासाठी निवडले जो बायडेन यांना, जे सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष होते. आणि निवडून आल्यावर परराष्ट्रमंत्रिपद दिले खुद्द क्लिंटन यांना. ज्यांनी दोष दाखवला त्यांनाच तो भरून काढायला बोलावले.

याच्या शेजारी २०२४ ठेवा. बायडेन अध्यक्ष होते, वय ८१. वयाची काळजी त्यांच्याच पक्षाचे मतदार जनमत चाचण्यांत उघड बोलून दाखवत होते. पण विद्यमान अध्यक्षाविरुद्ध पक्षातल्या एकाही मोठ्या नेत्याने उभे राहण्याचे धाडस केले नाही. प्रायमरी झाल्या, बायडेन जवळजवळ सगळ्या जिंकले, पण खरा वाद झालाच नाही. मूठ झाकलेली राहिली. ती उघडली २७ जूनला, दूरदर्शनवर, ट्रम्प यांच्यासमोर, सगळ्या देशाच्या देखत. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. प्रायमरीचा काळ संपून गेला होता. कमला हॅरिस यांना उमेदवारी मिळाली ती मतदारांकडून पारखून न घेता, आणि प्रचाराला उरले तीन-साडेतीन महिने. त्या हरल्या. आधी चर्चा झाली असती तर निकाल फिरला असता, असे मी म्हणणार नाही. पण ज्या प्रश्नाला जानेवारीत घरात उत्तर शोधता आले असते, त्याला जुलैत चव्हाट्यावर तोंड द्यावे लागले, एवढे निश्चित.

या पद्धतीची आरती ओवाळायलाही मी आलेलो नाही. कॉकसला रात्री दोन तास काढावे लागत. रात्रपाळीचा कामगार, तान्ह्या बाळाची आई, बर्फात चालता न येणारे आजोबा आपोआप बाहेर राहत. सगळ्यांसमोर उभे राहायचे म्हणजे मालकाच्या देखत मत देण्यासारखेच. २०२० मध्ये आयोवात निकाल कळवण्याचे मोबाइल अ‍ॅप बिघडले आणि निकाल कित्येक दिवस रखडला. पुढे डेमोक्रॅटिक पक्षाने आयोवाचा पहिला मान काढून घेतला. प्रायमरीत पैसा पाण्यासारखा जातो आणि मतदानाला येतात ते बहुधा कट्टरच. शिवाय चर्चेत सगळे उघडे पडते असेही नाही. एडवर्ड्स यांचे विवाहबाह्य प्रकरण तेव्हा झाकलेलेच राहिले. ते त्यांनी कबूल केले ऑगस्टमध्ये, शर्यतीतून बाहेर पडल्यानंतर.

मग आपण यातून घ्यायचे काय? कायदा बदलणे आपल्या हाती नाही. सवय बदलणे आहे. निवडणूक लोकसभेची असो, सोसायटीची असो की शाळेच्या संचालक मंडळाची, तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझ्या उमेदवारातली कोणती उणीव मी मान्य करतो? एकही सुचत नसेल तर मी विचार केलेला नाही. माझा माणूस बाद झाला तर माझी दुसरी पसंती कोण? तिचे उत्तर तयार असेल तर दुसऱ्याचे गुण मी पाहिलेले आहेत. आणि तिसरा: मी जे बोलतो आहे, ते बोलून झाल्यावर त्याच माणसाशेजारी उद्या पंगतीला बसता येईल ना?

आपली मंडळी परमुलुखात शंभर-दीडशे वर्षे टिकली ती संस्था चालवून. आणि संस्था बुडतात त्या बहुधा विरोधकांमुळे नव्हे. बैठकीत सगळे गप्प बसतात आणि बाहेर आल्यावर जिन्यात बोलतात, त्याने बुडतात. जिन्यातले बोलणे बैठकीत आणावे, एवढेच सांगायचे होते. मी बोललो त्यात जे उणे वाटले असेल, ते आत्ता इथेच सांगावे. जिन्यात नको.

गणपती बाप्पा मोरया!