दीक्षेचा अंत आणि फिकट गुलाबी रंग

'दीक्षान्त' म्हणजे दीक्षेची, अर्थात गुरूच्या देखरेखीखालील अध्ययनाची समाप्ती, असा अर्थ शब्दकोश देत असला, तरी नागपुरात हा शब्द उच्चारला जाताच दीक्षाभूमी डोळ्यांसमोर उभी राहते. कारण 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्नातकांनी त्या सोहळ्याच्या भव्यतेपेक्षा त्यामागच्या कालावधीचा विचार करावा, असे सुचवावेसे वाटते. धर्मांतराचा निर्धार 1935 मध्ये येवल्याच्या परिषदेत जाहीर झाला आणि तो प्रत्यक्षात उतरण्यास 21 वर्षे लागली. या काळात निश्चय ढळला नाही, मात्र कोणता धर्म स्वीकारायचा याचा निर्णय ग्रंथ चाळून, पर्याय पारखून आणि लोकांना सोबत घेऊनच झाला. आत्मविश्वास म्हणजे प्रश्न संपण्यापूर्वी उत्तर देणे, अशी जी समजूत अलीकडच्या मुलाखत-मार्गदर्शन वर्गांनी रूढ केली आहे, तिला ही 21 वर्षे सरळसरळ खोटी ठरवतात.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतही अशाच धीराची कसोटी पाहणारा एक खंड पडला होता. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे 1917 मध्ये त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून, पैसा जमवून आणि शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले व 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. नागपूर विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची.

'दीक्षान्त'प्रमाणेच 'कृतज्ञ' हा शब्दही स्नातकांनी उलगडून पाहावा. त्यात 'कृत' म्हणजे इतरांनी केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा, असे दोन घटक आहेत; म्हणजे कृतज्ञतेला आभाराच्या दोन ओळी पुरत नाहीत, आधी माहिती असावी लागते. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मँगनीजच्या खाणींतून मिळवलेल्या संपत्तीपैकी सुमारे 35 लाख रुपये उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी मृत्युपत्राद्वारे नागपूर विद्यापीठाला दिले आणि त्यातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, हे तिथे शिकून गेलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, हा प्रश्न थोडा अवघडच आहे. 'एलआयटी' या तीन अक्षरांत ते नाव पार झाकले गेले आहे.

त्या संस्थेत तेल तंत्रज्ञान शिकणारा विद्यार्थी तेलातील मुक्त आम्लांचे प्रमाण अनुमापनाने, म्हणजे ज्ञात तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने मिसळून, ठरवतो. अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या तेलात फिनॉल्फ्थॅलीन या रंगदर्शकाचे काही थेंब टाकले जातात, एक हात ब्युरेट या मापननळीच्या तोटीवर असतो आणि दुसरा चंबू गोल फिरवत राहतो. गुलाबी छटा उमटते, हलवताच विरते, पुन्हा उमटते. स्नातकांना महत्त्वाकांक्षेविषयी जे काही सांगण्याजोगे आहे, ते कदाचित या तोटीवरच्या बोटांना आधीच कळलेले असते. फिकट गुलाबी रंग काही क्षण टिकला की तोटी बंद करावयाची असते, कारण गडद रंग दिसायला कितीही देखणा असला, तरी तो आल्यावर चंबू रिकामा करून मापन पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.