ऑपरेशन कुणाचं?

आजचा भाग बसमध्ये स्पीकरवर लावू नका, हेडफोन घाला. विषय लोकसंख्येचा आहे, पण सुरुवात माझ्या घरातून करतो.

मागच्या महिन्यात आमच्याकडे दुसरं बाळ आलं. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर आल्या, केसपेपर चाळला आणि बायकोला म्हणाल्या, "ताई, आता बास ना? ऑपरेशन करून टाकायचं का लगेच?" मी तिथेच स्टुलावर डबा उघडत बसलो होतो. सिस्टरनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बायकोने मात्र बघितलं.

मग मी आकडे काढले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभर विवाहित बायकांमागे जवळपास ३८ जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची झालेली? ०.३ टक्के. हजारात तीन.

मला वाटायचं, आपल्याकडे हे पहिल्यापासून असंच आहे. तसं नाही. आपल्या सरकारने १९५२ मध्ये कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला, तेव्हा देशाची लोकसंख्या ३६ कोटींच्या आसपास होती. लाल त्रिकोण, निरोध हे सगळं साठच्या दशकातलं. त्या काळात पुरुष नसबंदी ही अगदी सर्रास गोष्ट होती. १९७१ च्या जुलैमध्ये केरळात एर्नाकुलमला एक शिबिर झालं. रोख पैसे आणि भेटवस्तू होत्या, जत्रेसारखी गर्दी. एका महिन्यात साठ हजारांहून जास्त पुरुषांनी ऑपरेशन करून घेतलं.

आणि मग आणीबाणी आली.

१९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, त्यातल्या ६२ लाख पुरुषांच्या. कशा झाल्या, हे आमच्या घरात माहीत आहे. माझे आजोबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. 'केसेस' आणा, नाहीतर पगार नाही, असा हुकूम. गावातले लोक त्यांना लांबून बघितलं की बांधावरून उलटे पळायचे, असं आजी हसत हसत सांगते. आजोबा या गोष्टीवर कधी हसले नाहीत. हरियाणातल्या उत्तावर गावाला तर पोलिसांनी वेढा घातला आणि पुरुषांना धरून नेलं. पुढे शहा आयोगापुढे नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आली. लग्न न झालेल्यांचीही ऑपरेशनं झाल्याच्या तक्रारी आल्या.

आपण महाराष्ट्रवाल्यांनी फार लांब उभं राहून बघू नये. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये मंजूर केलं ते आपल्याच विधिमंडळाने. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून वाचलो.

१९७७ च्या निवडणुकीत सरकार पडलं. खात्याचं नाव 'कुटुंब नियोजन'चं 'कुटुंब कल्याण' झालं. पुढच्या वर्षी पुरुषांची ऑपरेशनं ६२ लाखांवरून दोन लाखांच्या आसपास आली. तिथून पुढे पुरुषाला हात लावायची कुठल्याच सरकारची हिंमत झाली नाही. टार्गेट मात्र कुणी सोडलं नाही, ते बायकांवर ढकललं. बाळंतपणाला आलेली बाई दवाखान्यात आयतीच सापडते, ती बांधावरून पळणार कुठे? टार्गेट कागदावरून गेलं १९९६ मध्ये. आणि २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एकाच शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली. डझनाहून जास्त बायका गेल्या. शेवटी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अशी शिबिरं बंद करा.

कडक कायदा आणा, असा फॉरवर्ड महिन्यातून एकदा तरी येतो ना? त्याच सर्वेक्षणात देशात एका बाईमागे सरासरी दोन मुलं आहेत, महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या अजून वाढतेय, कारण आपल्याकडे तरुण खूप आहेत. त्यांना जबरदस्तीची नाही, विचारण्याची गरज आहे. दोघांनाही विचारण्याची.

तर मी डॉक्टरांशी बोललो. पुरुषाचं बिनटाक्याचं ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं असतं. फक्त तेवढीच जागा बधिर करतात, त्याच दिवशी घरी. ताकद कमी होत नाही, बाकी काहीही कमी होत नाही. एकच आहे, लगेच निर्धास्त व्हायचं नाही. साधारण तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणी करून खात्री करायची. बाईचं ऑपरेशन पोटाचं, म्हणजे त्याहून मोठं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुला जड उचलावं लागतं रे, तिचं तिला करू दे की." आता बाळ, बाळंतीण आणि वर पोटाला टाके, हे जड कोण उचलणार, असं मी विचारलं. दोन दिवस अबोला होता. काल स्वतःहून म्हणाली, "मंगळवारी रजा घेतलीस का?"

हो, मंगळवार ठरलाय. वेळ घ्यायला फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने विचारलं, "पेशंटचं नाव सांगा." मी माझं सांगितलं. तो म्हणाला, "तुमचं नाही हो, बाईंचं."

चला, भेटू पुढच्या भागात.