सिडनीचा हाकोआ

१९३८ मध्ये नाझींनी व्हिएन्नातला हाकोआ हा नामवंत ज्यू क्लब बंद पाडला. पुढच्याच वर्षी सिडनीतल्या ज्यू मंडळींनी त्याच नावाचा फुटबॉल संघ उभा केला. १९७७ साली ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय लीग सुरू झाली, तेव्हा पहिलं विजेतेपद याच संघाचं. तेही इटालियन समाजाच्या मार्कोनी क्लबला निव्वळ गोलफरकाने मागे टाकून! मात्र मैदानात नाव लावावं लागलं ईस्टर्न सबर्ब्स, कारण परदेशी मुळं सांगणारी नावं संयोजकांना नको होती. १९८७ चा हंगाम सुरू होतो न होतो तोच संघाने लीग सोडली. गंमत पाहा, क्लबचे एकेकाळचे सर्वेसर्वा फ्रँक लोवी पुढे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचेच प्रमुख झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत २००५ साली सुरू झालेल्या ए-लीगमध्ये स्थलांतरितांच्या अशा जुन्या क्लबांना जागा मिळाली नाही.