जायबंदी जहाज आणि दाभोळची खाडी

(खेड, जिल्हा रत्नागिरी येथे सरपंच, पंचायत समिती सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



समुद्रात फुटलेल्या जहाजाचा खेड तालुक्याशी संबंध काय, असा प्रश्न आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या मनात आला असेल. खेडच्या वेशीवर समुद्र नाही, हे खरे आहे. परंतु गावाला वळसा घालून जाणारी जगबुडी पुढे वाशिष्ठीला मिळते आणि त्या दोघींचे पाणी दाभोळ व अंजनवेल यांच्यामधून समुद्रास जाते. ज्या वाटेने पाणी बाहेर जाते, त्याच वाटेने भरती दिवसातून दोनदा आत येते. पूर्वी मालाचे पडाव याच भरतीवर वर येत. पडावांचे दिवस गेले, भरती मात्र पूर्वीप्रमाणेच येते आणि पाण्यावर जे काही तरंगत असेल ते घेऊन येते. खाडीकाठच्या खाजणांत उगवलेली तिवरे, त्यांच्या मुळांशी वाढणारी कोळंबी, चिखलातील मुळे व तिसऱ्या, खडकांवरील कालवे, या सर्वांवर ज्या कुटुंबांची चूल पेटते त्यांच्या दृष्टीने खाडीचे तोंड हा घराचा उंबरठाच होय. कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे मासळी घटल्याच्या तक्रारी या खाडीकाठाने वर्षानुवर्षे केलेल्या आहेत. पाणी बिघडले म्हणजे काय होते, हे येथे कोणी नव्याने सांगावयास नको.

रत्नागिरी जिल्ह्याला अशा प्रसंगाचा अनुभव नाही असेही नव्हे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी 'बसरा स्टार' हे तेलवाहू जहाज भरकटत येऊन रत्नागिरीजवळ मिऱ्या येथील बंधाऱ्याला लागले. जहाजावरील १३ जणांना सुखरूप उतरविण्यात आले. जहाज मात्र पुढे कित्येक वर्षे तेथेच लाटांचा मार खात राहिले. त्यानंतर १६ सप्टेंबर २०२२ रोजी 'पार्थ' हे जहाज रत्नागिरीच्या पश्चिमेस सुमारे ४१ सागरी मैलांवर संकटात सापडले. संयुक्त अरब अमिरातीतील खोर फक्कन बंदरातून ३,९११ टन डांबर घेऊन ते नवमंगळूरकडे निघाले होते. आत पाणी शिरू लागले, जहाज सोडून देण्याची पाळी आली आणि भारतीय तटरक्षक दलाने १९ खलाशांचे प्राण वाचविले. जहाज बुडाले आणि काही दिवसांतच तेलगळतीबाबत सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर सावधगिरीचा इशारा द्यावा लागला.

४१ सागरी मैल म्हणजे सुमारे ७६ किलोमीटर. एवढ्या अंतरावरील तेलाची किनाऱ्याने काळजी का करावी, याचा हिशेब शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल. पाण्यावरील तेल वाऱ्याच्या वेगाच्या साधारणपणे ३ टक्के वेगाने वाहते, आणि प्रवाहाची गती त्यात मिळते. वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर केवळ वाऱ्यानेच तवंग ताशी ०.९ किलोमीटर, म्हणजे दिवसाला २१ ते २२ किलोमीटर सरकेल. वारा सतत किनाऱ्याकडे राहिला तर ७६ किलोमीटरला साडेतीन दिवस पुरतात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर वारा समुद्राकडूनच येतो आणि जहाजेही त्याच दिवसांत अधिक अडचणीत येतात. दोन्ही गोष्टी एकाच ऋतूत याव्यात, हे कोकणचे दुर्दैव म्हणावे लागेल.

एकदा पसरलेले तेल गोळा करणे फार कष्टाचे असते आणि त्यातील मोठा भाग कधीच हाती लागत नाही. म्हणून जहाजाला इजा झाल्यापासून तेल बाहेर येईपर्यंतचा जो काळ मिळतो, तोच खरा कामाचा काळ होय. तो कधी काही तासांचा असतो, तर कधी काही दिवसांचा. मॉरिशस बेटाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज २५ जुलै २०२० रोजी तेथील प्रवाळाच्या खडकावर चढले. तेलगळती सुरू झाली ती ६ ऑगस्टला. मधले १२ दिवस टाक्या शाबूत होत्या. तेल फुटल्यावर नागरिकांनी उसाचे पाचट कापडात भरून तरते अडसर तयार केले, त्यांचे जगभर कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. परंतु किनाऱ्याला वाचविण्यात अधिक मोठा वाटा पंपांचा होता. १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले, त्यापूर्वी सुमारे ३,००० टन तेल उपसून काढले गेले होते. समुद्रात गेले ते सुमारे १,००० टन. हेच पंप आधीच्या १२ दिवसांत चालू झाले असते तर काय झाले असते, याची कल्पना करता येते.

फुटलेल्या टाकीतील सर्वच तेल लगेच वाहून जाते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. एखाद्या टाकीचा तळ समुद्राच्या पातळीखाली १० मीटर आहे आणि तीत १४ मीटर उंचीपर्यंत तेल भरले आहे, असे समजा. समुद्राचे पाणी तेलाहून जड. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ आणि तेलाची ०.९ धरली तर बाहेरील १० मीटर पाणी आतील सुमारे ११.४ मीटर तेलाला तोलून धरते. तळाला भोक पडले तर वरचे अडीच-पावणेतीन मीटर तेल बाहेर पडेल आणि पुढे दोन्ही बाजूंचा दाब समान होऊन गळती जवळजवळ थांबेल. खलाशांनी भोक पडताच किंवा पडण्याची चिन्हे दिसताच तेवढे तेल दुसऱ्या टाकीत घेतले, तर तेल बाहेर येण्याऐवजी समुद्राचे पाणीच आत शिरते, आणि ते जड असल्याने तळाशी राहून तेलाला झाकणासारखे उपयोगी पडते. याच कारणास्तव कित्येकदा टाकीच्या तळाशी मुद्दाम पाणी भरून ठेवतात.

भोक कुशीला पडले तर प्रकरण अधिक कठीण. तेथे पाणी आत शिरून टाकीच्या तळाशी उतरते आणि भोकाच्या पातळीखालचे तेल वर ढकलून बाहेर घालविते. अशा वेळी जहाज दुसऱ्या कुशीवर किंचित कलते करून भोक वर आणणे, आतून लाकडी खुंट्या ठोकणे, बाहेरून जाड कापडाचे आच्छादन दोरांनी आवळून बसविणे हे उपाय करावे लागतात. दिसावयास ते साधे आहेत, पण उसळत्या समुद्रात, रात्रीच्या अंधारात आणि ज्वालाग्राही वाफांच्या सान्निध्यात ते करणारी माणसे मोठ्या धैर्याची असतात. हवेच्या नळ्यांची तोंडे बंद करावयाची राहिली तर कललेल्या जहाजाची शाबूत टाकीही त्या वाटेने गळते.

खडकावर बसलेल्या जहाजाच्या बाबतीत पहिली ओहोटी सर्वांत धोक्याची असते. पाणी २ मीटर उतरले की बाहेरचा दाब तेवढाच उतरतो आणि वरील उदाहरणातील टाकीतून आणखी सव्वादोन मीटर तेल बाहेर पडते. खाडीकाठच्या माणसाला उधाण केव्हा आणि भांग केव्हा हे पंचांगावाचून ठाऊक असते. हे ज्ञान अशा प्रसंगी यंत्रसामग्रीइतकेच मोलाचे ठरते.

यापुढील उपाय म्हणजे दुसरे जहाज शेजारी लावून नळ्यांवाटे सर्व तेल त्यात घेणे. त्यासाठी शांत पाणी हवे, म्हणजेच जायबंदी जहाजाला कोणीतरी आसरा दिला पाहिजे. येथे मोठा पेच पडतो. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये ७७,००० टन जड तेल नेणारे 'प्रेस्टिज' जहाज स्पेनच्या किनाऱ्याजवळ जायबंदी झाले. आपला किनारा वाचावा म्हणून त्याला कोणी आसरा दिला नाही, खोल समुद्राकडे ओढून नेण्यात आले. सहाव्या दिवशी त्याचे दोन तुकडे झाले आणि जो किनारा वाचवावयाचा होता तोच शेकडो किलोमीटर काळा झाला. पुढे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने अशा जहाजांना आसऱ्याची जागा देण्याबाबत मार्गदर्शक सूचना केल्या. उद्या असा प्रश्न कोकणातील एखाद्या बंदरापुढे आला तर स्थानिकांचा विरोध होणे स्वाभाविक आहे. त्या वेळी लोकांना विश्वासात घेण्याचे काम सरपंचांनाच करावे लागेल, आणि त्यासाठी टाकीचा वरील हिशेब त्यांना माहीत असलेला बरा.

जहाजांच्या बांधणीतही सुधारणा झाल्या आहेत. १९८९ साली अलास्कात 'एक्सॉन वाल्डेझ' खडकावर आदळून सुमारे ३७,००० टन तेल सांडले, तेव्हापासून तेलवाहू जहाजांना दुहेरी कवचाची सक्ती टप्प्याटप्प्याने आली. अंजनवेलच्या धक्क्याला येणारी द्रवरूप नैसर्गिक वायूची जहाजेही दुहेरी कवचाचीच असतात. तो वायू उणे १६२ अंश सेल्सिअस तापमानाला द्रवरूपात ठेवलेला असतो. सांडलाच तर त्याचा तवंग राहत नाही, वाफ होते. धोका असतो तो आगीचा, आणि त्याची व्यवस्था वेगळी आहे. आपल्या किनाऱ्याला अधिक जपावयाचे आहे ते साध्या मालवाहू जहाजांच्या स्वतःच्या इंधनाला. मुंबईजवळ ७ ऑगस्ट २०१० रोजी 'खलिजिया-३' शी टक्कर झालेले 'एम. एस. सी. चित्रा' हे कंटेनर वाहून नेणारे जहाज होते, तरीही त्याच्या इंधनाच्या टाक्यांतून सुमारे ८०० टन तेल गेले आणि रायगड जिल्ह्यातील तिवरांपर्यंत पोहोचले. ४ ऑगस्ट २०११ रोजी मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडालेल्या 'राक कॅरिअर' मध्ये कोळसा होता, पण सोबत २९० टन इंधन तेल आणि ५० टन डिझेलही होते. 'पार्थ' मधील डांबराचेही असेच. डांबर गरम ठेवून नेतात. थंड पाण्यात ते घट्ट होते व सहसा दूर पसरत नाही. जपावे लागते ते इंजिनाच्या तेलाला.

समुद्रातील तेलगळतीच्या निवारणाचे काम १९९६ च्या राष्ट्रीय आपत्कालीन योजनेनुसार तटरक्षक दलाच्या देखरेखीखाली चालते. किनाऱ्यावर आलेले तेल हे मात्र जिल्हा प्रशासन, बंदर व सागरी अधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्यासह गावाचे काम होते. दाभोळच्या खाडीचे मुख रुंद आहे आणि भरतीचा ओघ जोरकस. तेथे आडवा तरता अडसर टाकून सर्व तेल अडविता येईल, अशी आशा करू नये. ओघ ताशी सव्वा किलोमीटरच्या वर गेला की आडव्या अडसराखालून तेल निसटते. अडसर तिरका लावून तवंग एखाद्या शांत कडेला वळवावा लागतो. त्यापेक्षा फळ देणारी गोष्ट म्हणजे खाजणांत शिरणारी लहान लहान तोंडे आधी बंद करणे. पेंढ्याचे भारे जाळ्यात आवळून तेथे बांधता येतात. कोणती तोंडे आधी अडवावयाची, कोणत्या ठिकाणी मुळे-कालवांची जागा आहे, होड्या कोठे नेऊन ठेवावयाच्या, याची यादी तांडेलांना बरोबर घेऊन आताच करावी. शाळेतील मुलांनी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली खाडीचा असा नकाशा केला तर भूगोलाचा याहून चांगला पाठ कोणता?

काही गोष्टी करावयाच्या नाहीत, त्याही सांगितल्या पाहिजेत. तेलावर साबणाची पूड अथवा तेल विरविणारी रसायने आपल्या मताने टाकू नयेत. १९६७ साली 'टॉरी कॅनियन' च्या वेळी इंग्लंडच्या किनाऱ्यावर वापरलेल्या रसायनांनी जलचरांचे तेलाहून अधिक नुकसान केले. तिवरांत घुसून चिखल तुडवू नये, त्यामुळे तेल मुळांखाली गाडले जाते. उघड्या हातांनी तेल काढू नये, मुलांना तर त्या कामाला मुळीच लावू नये. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोर येथे दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा माणसांनी बादल्यांनी तेल उपसले. तेथील दृश्ये पाहिलेल्यास हातमोजे आणि गमबूट यांचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

नुकसानभरपाईचा प्रश्न नंतर येतो, पण त्याची तयारी आधीच झालेली असावी लागते. 'राक कॅरिअर' प्रकरणी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला तो २०१६ साली, म्हणजे जहाज बुडाल्यावर ५ वर्षांनी. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ 'एम. एस. सी. एल्सा-३' बुडाल्यानंतर केरळ शासनाने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला. एवढ्या मोठ्या आकड्यांत खाडीत पाग टाकणाऱ्या एकट्या माणसाचे नुकसान कोठे बसावयाचे? त्याच्यापाशी मासळीविक्रीची पावती नसते, किती मिळाले याची नोंद नसते. मच्छीमार संस्थांनी आणि ग्रामपंचायतींनी साध्या वहीत महिनेवार नोंद ठेवण्यास आजपासून आरंभ केला तर दाव्याच्या वेळी ती वहीच साक्ष देईल.

तवंग किंवा अडचणीत आलेले जहाज दिसताच तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे आणि तहसील कार्यालयातही वर्दी द्यावी. कळविताना जागा, वेळ, वाऱ्याची दिशा, भरती आहे की ओहोटी, तवंगाचा रंग आणि अंदाजे लांबी-रुंदी एवढे सांगितले म्हणजे पुरे. तेलाचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावा, प्लास्टिकच्या नव्हे. त्यावर ठिकाण, तारीख व वेळ लिहून, दोन पंचांच्या सह्या घेऊन ती बाटली थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी. कोणत्या जहाजाचे तेल कोणत्या खाडीत आले, हे पुढे प्रयोगशाळेत त्याच बाटलीवरून ठरविता येते.